मेंटॉर बदलले, तर आधी काय करायचं?

जूनपासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा येतोय: मेंटॉर बदलले. विद्यार्थ्यांच्या एका गटाकडे लक्ष देणाऱ्या शिक्षकांना काही कॉलेजांत मेंटॉर म्हणतात, अभियांत्रिकीत जीएफएम (गार्डियन फॅकल्टी मेंबर), पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना गाइड. बदलण्याची कारणं बहुतेक ठरलेली असतात. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची नेमणूक शैक्षणिक वर्षासोबत संपते. जिल्हाभर कॉलेजं असलेल्या संस्थांत बदल्या होतात. कुणी निवृत्त होतं, कुणी स्वतःच्या संशोधनासाठी रजेवर जातं. शिक्षक गेले तरी त्यांना आपल्याबद्दल जे माहीत होतं ते कॉलेजात राहावं, यासाठी विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला बरंच काही करता येतं. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. निफाड तालुक्यातून रोज एसटीने नाशिकला येते. आमची द्राक्षबाग आहे, तोडीच्या दिवसांत मला घरी थांबावं लागतं. मागच्या वर्षीच्या मेंटॉर मॅडमना हे माहीत होतं, त्या सांभाळून घ्यायच्या. त्या तासिका तत्त्वावर होत्या, यंदा आल्या नाहीत. नव्या सरांशी अजून बोलणं झालेलं नाही. त्यांना हे सगळं कसं सांगू?
— विद्यार्थिनी, निफाड तालुका

उत्तर: आधी एक गोष्ट स्पष्ट करून घे. मॅडमनी ‘सांभाळून घेतलं’ म्हणजे नेमकं काय केलं? मेंटॉरला हजेरी वाढवण्याचा अधिकार नसतो. हजेरी त्या त्या विषयाचे शिक्षक लावतात. मॅडमनी बहुधा विषयशिक्षकांशी बोलून तुझी राहिलेली प्रॅक्टिकल्स नंतर घ्यायला लावली असतील, किंवा कमी हजेरीच्या यादीत नाव आलं तेव्हा विभागप्रमुखांना कारण सांगितलं असेल. हे सगळं तोंडी झालं असेल, तर त्यातलं आज कागदावर काहीच नाही. नव्या सरांना फक्त जानेवारीतली घसरलेली हजेरी दिसेल. मॅडमनी दिलेली सवलत सरांनीही द्यावी, असा आग्रह धरू नकोस. नव्या सत्रासाठी नव्याने, लेखी आणि वेळेआधी विचारणा कर.

वेळेआधी म्हणजे किती? इथे तुझ्या घरच्या शेतीचं गणित कामाला येतं. फळछाटणी झाली की साधारण चार महिन्यांनी माल तोडीला येतो. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणीची तारीख ठरली की तोडीचे आठवडे ढोबळमानाने तुला तेव्हाच कळतात. दुसरं सत्र सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच अर्ज दे: साधारण अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत घरी द्राक्षतोड, या काळात ही ही प्रॅक्टिकल्स येतात, ती दुसऱ्या बॅचबरोबर करू द्यावीत. अर्ज विभागप्रमुखांच्या नावे लिही, मेंटॉर सरांमार्फत दे आणि आपल्या प्रतीवर पोच घे. सुट्टी भोगून झाल्यावर दिलेल्या अर्जाला बहाण्याचा वास येतो. तोच अर्ज महिनाभर आधी दिला, तर त्याला नियोजन म्हणतात.

आता हजेरीचा हिशेब. चार श्रेयांकांच्या (क्रेडिट्सच्या) थिअरीच्या विषयाला सत्रात ६० तास धरतात. ७५ टक्के म्हणजे ४५, म्हणजे चुकवता येतात ते १५. आठवड्याला चार तास धरले तर तीन आठवड्यांच्या तोडीत १२ गेले. उरले फक्त ३. त्यात एक दिवस ताप, एक दिवस एसटी चुकली, एक दिवस घरचं लग्न, की संपलं. म्हणजे तोडीशिवायच्या दिवसांत जवळजवळ रोज यावं लागेल, हे तू आणि घरच्यांनी आत्ताच मनाशी धरायला हवं. प्रॅक्टिकलचा प्रश्न वेगळा असतो. तिथे टक्केवारीपेक्षा जर्नल अडतं. एकेक प्रयोग राहिला की जर्नलवर सही होत नाही आणि सही नसली की परीक्षेला अडचण येते.

सरांना भेटताना एक पानाचा कागद सोबत ने. वरती नाव, वर्ग, रोल नंबर, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक). खाली आतापर्यंतच्या सत्रांचे निकाल, राहिलेला विषय असेल तर त्याचं नाव. मग शिष्यवृत्ती कोणती, किती वाजता घरून निघतेस आणि परतीची शेवटची सोयीची गाडी कोणती, तोडीचे संभाव्य आठवडे, आणि घरी फोन कुणी उचलतो त्याचा नंबर. शेवटी ‘मागच्या वर्षी काय ठरलं होतं’ याच्या दोन-तीन ओळी लिही. मॅडमशी संपर्क असेल तर त्यांना विचारूनच लिही, म्हणजे चुकीचं काही त्यांच्या नावावर जाणार नाही. गाडीची वेळ क्षुल्लक वाटेल, पण चार वाजता लावलेल्या जादा तासाला तू का थांबत नाहीस हे सरांना त्या एका ओळीतून कळतं.

आणि सर कधी बोलावतील याची वाट पाहू नकोस. नव्या मेंटॉरकडे एकदम वीस-पंचवीस नावांची यादी येते. पहिल्या पंधरा दिवसांत जो स्वतःहून जाऊन भेटतो, त्याचं नाव चेहऱ्यासकट लक्षात राहतं. स्टाफरूमच्या दारात उभ्याउभ्या बोलू नकोस, ‘सर, दहा मिनिटं हवी होती, कधी येऊ?’ असं विचारून वेळ घे.

प्रश्न: मी अभियांत्रिकी महाविद्यालयात नव्याने रुजू झाले आहे. सत्र अर्ध्यावर असताना मला दुसऱ्या वर्षाच्या २४ मुलांची जीएफएम केलं आहे. आधीचे सर नोकरी सोडून गेले. हातात फक्त एक रजिस्टर आलं, त्यात बहुतेक पानांवर ‘उपस्थिती कमी, समज दिली’ एवढंच लिहिलं आहे. सुरुवात कुठून करू?
— सहायक प्राध्यापिका, नाशिक

उत्तर: रजिस्टरचा उपयोग कमी आहे, पण ते फेकू नका. ज्या मुलांपुढे ‘समज दिली’ तीनदा आलं आहे, तिथे समज देऊन काही झालेलं नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

मुलांना भेटण्याआधी ऑफिस आणि परीक्षा विभागातून चार गोष्टी स्वतः गोळा करा: आतापर्यंतचे निकाल, चालू सत्राची विषयवार हजेरी, इन-सेमचे (सत्रामधल्या परीक्षेचे) गुण, आणि पहिल्या वर्षाचे राहिलेले विषय. यातली शेवटची यादी सगळ्यांत महत्त्वाची. पहिल्या वर्षाचा विषय राहिला असेल तर तो पुढे तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला आडवा येतो, आणि दुसऱ्या वर्षात असलेल्या कितीतरी मुलांना हे उशिरा उमगतं. अशी मुलं तुमच्या यादीत चार असतील तर ती चार आधी. त्यांच्यानंतर कमी हजेरीवाली, त्यांच्यानंतर बाकीची. रोल नंबरच्या क्रमाने भेटायला लागलात, तर जो खरा अडचणीत आहे तो चोविसावा निघू शकतो.

प्रत्येकाला पंधरा मिनिटं धरली तर २४ जणांचे सहा तास होतात. रोज दोघांना बोलावलं की बारा कामाच्या दिवसांत सगळे होतात. एकत्र मीटिंग घेऊन काम उरकावंसं वाटेल. तीही घ्या, पण फक्त ओळख आणि सूचना देण्यापुरती. घरी वडिलांचं काम सुटलंय, फीचा हप्ता भरायचा राहिलाय, मराठी माध्यमातून आल्यामुळे वर्गात इंग्रजी समजत नाही, या गोष्टी चोवीस जणांसमोर कुणी बोलत नाही.

पहिल्या भेटीत ‘तुझे मार्क का कमी झाले?’ हा प्रश्न टाळा. मुलाने तो आधीच्या सरांसमोर ऐकलेला असतो, घरी ऐकलेला असतो, आणि त्याचं तयार उत्तर त्याच्याकडे असतं. ‘आधीच्या सरांशी तुझं काय ठरलं होतं? त्यातलं काय चालू ठेवायचं?’ असं विचारलं की मूल खरं सांगायला लागतं, आणि आधीच्या शिक्षकाचा मानही राहतो. त्या सरांचे निर्णय तुम्हाला पटले नाहीत तरी मुलांपुढे त्यांना नावं ठेवू नका. एक मोडलं की दुसरं, अशी मोठ्यांची वचनं मोडताना मुलं पाहतात आणि तुमच्याही वचनावर विश्वास ठेवत नाहीत.

नोंद लिहिताना पुढच्या माणसाचा विचार करा. ‘उपस्थिती कमी, समज दिली’ यावरून पुढचा जीएफएम काहीच करू शकत नाही. तीच नोंद अशी लिहा: ‘१२ ते २३ ऑगस्ट गैरहजर, वडील सिव्हिलमध्ये दाखल होते. डेटा स्ट्रक्चरची ३ प्रॅक्टिकल्स राहिली. दोन पूर्ण, तिसरं ६ सप्टेंबरला बी बॅचबरोबर. आईशी बोलले.’ एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात. यात काय झालं, काय राहिलं, कधीपर्यंत आणि कुणाशी बोलणं झालं, हे चारही येतं.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये एक हमखास घोळ होतो. जुन्या ग्रुपचे ॲडमिन आधीचे सर असतात, पालकांचे अर्धे नंबर बदललेले असतात, आणि निम्मी मुलं सूचना अजून त्यांच्याच नंबरवर विचारत राहतात. नवा ग्रुप करा, जुन्या सरांना जुन्या ग्रुपवर तुमचं नाव सांगणारा एक शेवटचा संदेश टाकायची विनंती करा, आणि पालकांचे नंबर त्या पंधरा मिनिटांच्या भेटीत ताजे करून घ्या. पालकांचा पहिला फोन तक्रारीचा नसावा. ‘मी आता जीएफएम आहे, हा माझा नंबर’ एवढ्याचसाठी एकदा फोन करा. पुढे अडचणीच्या वेळी फोन केला की समोरचा माणूस दचकत नाही.

प्रश्न: मुलगा नाशिकला हॉस्टेलवर राहून शिकतो. त्याचे मेंटॉर बदलले. शिष्यवृत्तीच्या कागदांवर आता सही कोण करणार? आम्ही सुरगाण्याहून सारखं येऊ शकत नाही.
— पालक, सुरगाणा

उत्तर: काळजी करू नका, मेंटॉर बदलल्यामुळे शिष्यवृत्ती अडत नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज मुलगा स्वतः भरतो, कॉलेजच्या लॉगिनमधून ऑफिस आणि प्राचार्यांच्या पातळीवर तो तपासला जातो, मग संबंधित विभागाकडे जातो. त्या साखळीत मेंटॉर नाहीत. मग अडतं कुठे? आधीचे मेंटॉर ‘अरे, नूतनीकरणाची तारीख जवळ आली’ अशी आठवण करायचे, ती आठवण बंद होते. मुलाला सांगा, दरवर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं, ते आपोआप होत नाही.

तुम्ही घरून तीन गोष्टी पाहा. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला या वर्षाचा आहे का. त्यावर मुदत छापलेली असते. मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं आणि चालू आहे का. पैसे त्याच खात्यात येतात, आणि वर्षभर व्यवहार नसलेलं खातं ऐन वेळी दगा देतं. आणि आधारवरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाशी जुळतं का. अर्ज भरल्यावर त्याचा क्रमांक मुलाकडून मागून घरी वहीत लिहून ठेवा. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या स्वयं योजनेचा भोजन-निवासाचा भत्ता मिळत असेल, तर त्यासाठी कॉलेजकडून लागणारा हजेरीचा पुरावा कोण देणार, हे मात्र नव्या मेंटॉरना विचारून घ्यायला सांगा. तिथे खरंच खोळंबा होतो.

प्रश्न: बी.ए. दुसरं वर्ष, मेजर (मुख्य विषय) भूगोल. आधीच्या मॅडमनी मायनर (दुय्यम विषय) म्हणून अर्थशास्त्र घ्यायला सांगितलं होतं. नवे मेंटॉर म्हणतात, इतिहास घ्यायला हवा होता, अजून बदलून टाक. कुणाचं ऐकू?
— विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर: दोघांच्याही आधी कागदाचं ऐक. तुझ्या प्रवेशाच्या वर्षाचा श्रेयांकांचा आराखडा विभागातून किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घे. ‘तुझ्या प्रवेशाच्या वर्षाचा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण नवं शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं, स्वायत्त कॉलेजांत त्याच्या आदल्या वर्षीपासून. त्यामुळे एकाच इमारतीत दोन-दोन पॅटर्न चालू असू शकतात, आणि मेंटॉर मुख्यतः वरच्या वर्गांना शिकवत असतील तर जुना आराखडा त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. चूक कुणाचीही होऊ शकते.

आराखडा समोर ठेवून आपल्या गुणपत्रिकांमधले श्रेयांक रकान्यांत मांड: मेजर, मायनर, खुला निवडक विषय, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली. सत्राला साधारण २० ते २२, पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४, दुसऱ्या वर्षाअखेर ८० ते ८८, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. एकूण बेरीज बरोबर येऊनही एखादा रकाना रिकामा राहू शकतो, आणि तो शेवटच्या सत्रात सापडतो. नव्या मेंटॉरकडे जायचं ते हा तक्ता घेऊन. म्हणजे बोलणं आवडीनिवडीवर न होता रकान्यांवर होईल.

मायनर बदलण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: अर्थशास्त्राचे श्रेयांक मिळवले असतील तर ठोस कारणाशिवाय बदलू नकोस. ते श्रेयांक इतिहासाच्या रकान्यात आपोआप जात नाहीत. बदलायचंच असेल तर ‘आधीच्या श्रेयांकांचं काय होणार’ याचं उत्तर परीक्षा विभागाकडून लेखी घे. भूगोलाला अर्थशास्त्राची जोड वाईट नाहीच. स्पर्धा परीक्षा डोळ्यांपुढे असेल तर इतिहासाचाही विचार होऊ शकतो, पण त्यासाठी मायनर बदलावं लागत नाही, तो अभ्यास वेगळाही होतो.

जाता जाता डिजिलॉकरमध्ये तुझं श्रेयांक पेढीचं (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं) खातं उघडून बघ. त्याला जोडलेला अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, १२ अंकी असतो. कॉलेजने नोंदवलेलं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी श्रेयांक खात्यात दिसत नाहीत. ही दुरुस्ती आत्ता करून घे, पदवीच्या वेळी करायला गेलास तर हेलपाटे पडतात.

प्रश्न: मी नंदुरबारचा, गंगापूर रोडला हॉस्टेलवर राहतो. पहिल्या वर्षी मला फार जड गेलं. झोप लागत नव्हती, घरी जावंसं वाटायचं. मेंटॉर सरांनी ओळखलं, डॉक्टरांकडे पाठवलं. आता बरा आहे, गोळ्या चालू आहेत. सरांची बदली झाली. नव्या मॅडमना हे सांगायचं का? आणि सरांना अधूनमधून फोन केला तर चालेल का?

उत्तर: सांगायचं की नाही हे फक्त तुझ्या हातात आहे. उपचारांबद्दलची माहिती गोपनीय राहणं हा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार तुझा हक्क आहे. सरांनीसुद्धा ती तुला विचारल्याशिवाय मॅडमना द्यायची नसते, आणि मेंटॉरच्या रजिस्टरमध्ये तर ती मुळीच लिहायची नसते.

तरीही थोडं सांगावंस, असं आम्हाला वाटतं. सगळी हकीकत नको. दोन वाक्यं पुरेत: ‘मॅडम, माझे उपचार चालू आहेत, महिन्यातून एकदा तपासणीला जावं लागतं. मी दोन दिवस दिसलो नाही तर मला फोन करा.’ यातून मॅडमना काय करायचं ते कळतं आणि बाकीचं तुझ्याजवळ राहतं. निदान काय, गोळ्या कोणत्या, हे त्यांनी विचारलं तर ‘ते नंतर कधीतरी सांगेन’ म्हणायला संकोच करू नकोस. सोपं वाटत असेल तर सरांनाच विनंती कर, त्यांनी मॅडमशी फोनवर तुझी नुसती ओळख करून द्यावी.

सरांना फोन जरूर कर. ज्यांनी वाईट काळात हात धरला त्यांच्याशी नातं तुटायचं काही कारण नाही. मात्र कॉलेजच्या कामाचे प्रश्न, म्हणजे अर्ज, हजेरी, परीक्षा, आता मॅडमकडेच ने. सर दूर आहेत, त्यांच्या हातात तिथलं काही नाही. तू त्यांना विचारत राहिलास तर त्यांनाही चुटपुट लागते आणि मॅडमशी तुझी ओळख वाढत नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नकोस. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला आणि जवळ कुणी नसलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं आणि फोनला पैसे पडत नाहीत.

प्रश्न: नव्या मेंटॉरशी माझं अजिबात पटत नाही. बदलून मागता येतील का?
— विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर: मागता येतात. आधी स्वतःशी ठरव की तक्रार स्वभावाची आहे की वागणुकीची. सर कमी बोलतात, कडक आहेत, आधीच्या मॅडमसारखी विचारपूस करत नाहीत, हे स्वभावाचं झालं. त्याला एक सत्र दे. सही अडवून ठेवणं, वर्गात अपमान करणं, जातीवरून किंवा गावावरून बोलणं, हे वागणुकीचं. त्याला एक दिवसही देऊ नकोस. विभागप्रमुखांना तारीखवार लेखी दे. तिथे काही झालं नाही तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्याची प्रत तुलाही मिळायला हवी. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येतं. लैंगिक त्रासाचा प्रकार असेल तर मात्र थेट अंतर्गत तक्रार समितीकडे जा, मधली पायरी घेऊ नकोस.

प्रश्न: कॉलेजमधल्या संशोधन केंद्रात पीएच.डी. करते, नोंदणीला अडीच वर्षं झाली. माझे गाइड पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. ते म्हणतात, ‘काळजी करू नका, होईल काहीतरी.’ मला आत्ताच काही करायला हवं का?
— संशोधक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: होय, आत्ताच. पीएच.डी.चे नोव्हेंबर २०२२ चे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम याबाबत पुरेसे स्पष्ट आहेत. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिले की गाइडना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, पण आधी नोंदलेल्यांना ते निवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करू शकतात. निवृत्तीनंतर ते सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतात, वयाच्या सत्तरीपर्यंत. म्हणजे तुमचे सर तुम्हाला पूर्ण दुरावत नाहीत. मात्र मुख्य मार्गदर्शक म्हणून दुसरं नाव लागणारच, आणि ते नाव मिळणं हीच खरी अडचण आहे.

अडचण जागांची. एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. तुमच्या विषयाचे मान्यताप्राप्त गाइड नाशिकमध्ये मोजकेच असणार, त्यांच्या जागा नव्या प्रवेशांनी भरत जातात. सर निवृत्त झाल्यावर शोधायला निघालात तर ‘जागा नाही’ हेच ऐकायला मिळेल. म्हणून पुढच्या प्रवेशप्रक्रियेच्या आधी विचारा. तुमच्या केंद्रात कुणी नसेल तर त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या केंद्रातलेही बघा. तेव्हा केंद्रही बदलावं लागतं का, हे विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात लेखी विचारून घ्या.

आमच्या मते सगळ्यांत चांगला मार्ग असा: सर अजून पदावर असतानाच संभाव्य नव्या गाइडना सहमार्गदर्शक म्हणून मान्य करून घ्यायचं. मग निवृत्तीच्या दिवशी फक्त भूमिका बदलतात, माणसं तीच राहतात. नव्या मॅडमना किंवा सरांना भेटायला जाताना मंजूर आराखडा, आतापर्यंतचे सहामाही प्रगती अहवाल, संशोधन सल्लागार समितीच्या सूचना, छापून आलेले आणि पाठवलेले शोधनिबंध, आणि उरलेल्या कामाचं महिनावार वेळापत्रक घेऊन जा. त्यांना सर्वांत जास्त भीती असते ती विषय पुन्हा बदलावा लागेल याची. आराखड्यातला कुठला भाग पक्का झाला आहे आणि कुठल्या भागात त्यांना बदल सुचवता येईल, हे तुम्हीच आधी सांगितलंत तर ते लवकर तयार होतात.

सरांबरोबर बसून दोन गोष्टी लेखी करून घ्या. पहिली, विदा (डेटा) कुणाकडे आहे: प्रश्नावल्या, मुलाखतींचं ध्वनिमुद्रण, प्रयोगाच्या वह्या, सगळ्याची यादी आणि प्रत तुमच्याकडे. दुसरी, अर्धवट निबंधांवर नावं कुणाची आणि कोणत्या क्रमाने. हे बोलायला अवघड वाटतं, पण आज दहा मिनिटांत मिटणारी गोष्ट दोन वर्षांनी नव्या आणि जुन्या गाइडमधल्या कटुतेचं कारण होते, आणि मधल्यामध्ये भरडला जातो तो विद्यार्थी.

नंतर क्रम असा: सरांची संमती, नव्या गाइडची संमती आणि त्यांच्याकडे जागा रिकामी असल्याचं पत्र, तुमचा अर्ज, सल्लागार समितीची शिफारस, केंद्रप्रमुखांमार्फत विद्यापीठाकडे. मान्यतेचं पत्र हातात येईपर्यंत जुने गाइडच तुमचे गाइड, त्यामुळे त्या सहामाहीच्या अहवालावर त्यांचीच सही घ्या. सही कुणाची या गोंधळात एक अहवाल राहिला तर फेलोशिपचा हप्ता थांबतो. मुदतही डोळ्यांपुढे ठेवा: कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिला संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे, मात्र एकूण दहाच्या पुढे नाही. गाइड बदलल्याने हे घड्याळ थांबत नाही.

प्रश्न: मी तासिका तत्त्वावर शिकवतो. एप्रिलमध्ये माझी मुदत संपते. माझ्याकडे मेंटी म्हणून असलेल्या १८ मुलांचे पुढचे मेंटॉर कोण, हे अजून ठरलेलं नाही. ही मुलं कुणाच्या हवाली करून जाऊ?
— प्राध्यापक, सिन्नर

उत्तर: विभागप्रमुखांच्या. नाव ठरेपर्यंत तेच मेंटॉर, असं त्यांच्याकडून एका ओळीत लिहून घ्या आणि मुलांना तसं सांगा. ‘नवीन कोणीतरी येतील’ म्हणून सोडलेली मुलं जुलैपर्यंत कुणाचीच नसतात, आणि नेमक्या त्याच काळात निकाल, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज आणि पुढच्या वर्षाचे प्रवेश येतात. पुनर्मूल्यांकनाची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते, ती हुकली की काही करता येत नाही.

प्रत्येक मुलामागे पाच-सहा ओळी लिहा: कुठे आहे, काय राहिलंय, काय ठरलंय, कोणती तारीख जवळ आहे, त्याला काय चांगलं जमतं. शेवटची ओळ गाळू नका. नव्या माणसाला मुलाची पहिली ओळख त्याच्या राहिलेल्या विषयाने झाली, तर तीच चिकटते. लिहिलेलं त्या त्या मुलाला दाखवा, त्याला खटकलं तर दुरुस्त करा, मग बंद पाकिटात विभागप्रमुखांकडे द्या. घरगुती भांडणं, आजार, प्रेमप्रकरणं यातलं काहीही त्यात नको. आणि ज्या दोन-तीन मुलांची तुम्हाला खरोखर काळजी वाटते, त्यांना सोबत घेऊन विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये एकदा जा. कागद मागे पडतो, समोर बसलेलं मूल लक्षात राहतं.

प्रश्न: मी मुक्त विद्यापीठाची विद्यार्थिनी आहे, अभ्यासकेंद्र येवल्याला. आमचे समंत्रक (केंद्रावर मार्गदर्शन करणारे शिक्षक) बदलले. आधीच्या समंत्रकांकडे दिलेले गृहपाठ नव्यांना मिळालेले नाहीत.
— गृहिणी, येवला

उत्तर: गृहपाठ समंत्रकांच्या हातात दिलेत की केंद्राच्या कार्यालयात, यावर बरंच अवलंबून आहे. कार्यालयात दिले असतील तर त्यांच्या आवक नोंदीत सापडतील, तारीख सांगून शोधायला लावा. हातात दिले असतील आणि आधीचे समंत्रक गावातच असतील, तर आजच फोन करून ते केंद्रात जमा करायला सांगा. दोन्ही जमलं नाही तर वाट न पाहता गृहपाठ पुन्हा लिहा आणि केंद्रसंयोजकांकडे विनंतीपत्रासह द्या. गृहपाठाचे गुण अभ्यासकेंद्राकडूनच विद्यापीठाला जातात, त्यामुळे हे प्रकरण केंद्रातच सुटतं. त्यासाठी नाशिकजवळ गोवर्धनला असलेल्या विद्यापीठाच्या मुख्यालयात जाण्याची गरज सहसा पडत नाही. पुन्हा देताना मुखपृष्ठावर कायम नोंदणी क्रमांक आणि विषयसंकेतांक स्पष्ट लिहा, जमा करण्याआधी सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.